केसरीचे पाय अजून यायचेत

उचगाव, ता. करवीर
सोमवार, १६ नोव्हेंबर १९९८

तीर्थस्वरूप गुरुसिद्ध दाजी यांच्या सेवेशी,

प्रभुलिंगाचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी कंबर गेल्या बुधवारपासून वाकत नाही, तेव्हा सात अंगांचा तरी गोड मानून घ्यावा. आठवं कुणामुळं गेलं ते पुढं येईलच.) अक्काला शरणु शरणार्थी. तिची साखर, आपला दमा आणि निपाणीची हवा ही तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडं सगळं क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं असं समजा. खरं म्हणजे क्षेम म्हणावं असं इकडं काही उरलेलं नाही आणि त्याला कारण आपण आहात. हे मी तोंडावर बोललो नसतो, कारण आपण माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पण दुकानातून तीनदा फोन लावला, आणि तिन्ही वेळा 'कुत्रं' म्हटलं की आपल्याला माझा आवाज येईनासा झाला. 'हॅलो, हॅलो, लाईन खराब आहे' म्हणत आपण फोन ठेवलात. त्याआधी अक्काच्या गुडघ्यांची चौकशी केली तोवर मात्र लाईन स्वच्छ होती. म्हणून पत्र.

आपल्याला आठवत असेल, गेल्या वर्षी दसऱ्याला आपण आलात तेव्हा मी आपल्याला गोदाम दाखवलं होतं. तीस वर्षं मी सरकी-पेंडीचं दुकान चालवतोय, पण गेल्या साली घुशींनी जो कहर केला तो पूर्वी बघितला नव्हता. एकेक घूस मांजराएवढी. मांजरं तिला बघून बाजूला होत होती. मी आपला जेवणानंतर पान लावता लावता सहज म्हणालो की एखादं दमदार कुत्रं असतं तर बरं झालं असतं. माणूस जेवणानंतर पुष्कळ काही म्हणतो, ते कुणी मनावर घेत नाही. आपण घेतलंत. पंधरा दिवसांत आपलं कार्ड आलं: ओळखीच्या बागायतदाराकडं अस्सल जर्मन जातीचं पिल्लू आहे, शिकारी रक्त आहे, बिळात शिरून घूस बाहेर काढतं, पहाऱ्यालाही उत्तम, घेऊन येतो. दाजी, त्या कार्डावर बारा ओळी होत्या. मी आत्ता पुन्हा काढून मोजल्या. बारा ओळींत उंचीबद्दल एक अक्षर नाही.

जर्मन म्हटलं की आमच्या उचगावात एकच कुत्रं डोळ्यांसमोर येतं. कान ताठ, छाताड रुंद, उभं राहिलं तर माणसाच्या खांद्याला लागेल असं. मी त्या हिशेबानं दोन इंची कातडी पट्टा आणि म्हशीची साखळी आणून ठेवली होती. गिऱ्हाइकांना सांगून ठेवलं होतं की आता रात्री-अपरात्री गोदामाकडं फिरकू नका, जर्मन येतोय. आणि आपण आलात ते हातात पिशवी घेऊन. पिशवीतून आपण आधी वांगी काढलीत, मग अक्कानं दिलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा काढलात, आणि मग ते काढलंत. तांबूस रंग, लोंबते कान, नाक लांब, अंग त्याहून लांब, आणि पाय... मी पिशवीत वाकून बघितलं, पाय आत राहिलेत का म्हणून. साखळी गळ्यात अडकवली तर ते जाग्यावर बसलं आणि उठेचना. (साखळीचं वजन त्याच्यापेक्षा जास्त भरलं. नंतर काट्यावर घालून बघितलं.) आपण चहा घेतलात, पाच वाजताच्या एस्टीचं कारण सांगितलंत आणि गेलात. जाताना आपण मागं वळून बघितलं नाहीत, ही गोष्ट आमच्या सौ. शिवम्माच्या लक्षात आली होती, माझ्या नव्हती.

आता माझी चूक कुठं झाली ते सांगतो, म्हणजे आपण म्हणायला नको की मेहुणा सगळं आमच्यावर ढकलतो. मी असं धरून चाललो की पिल्लू तीन महिन्यांचं आहे, पाय अजून यायचेत. वासरांचं उलटं असतं, पाय आधी आणि अंग मागून. जर्मनीत अंग आधी येत असेल. तीस वर्षं जनावरांना खायला घालणारा माणूस मी. कुणाची म्हैस आटली, कुणाचं वासरू खुरटलं तर डॉक्टरच्या आधी लोक माझ्या दुकानात येतात. अशा माणसाच्या दारातल्या कुत्र्याचे पाय अडले तर तो खुराकाचाच प्रश्न असणार, दुसरं काय. गडमुडशिंगीचा पिराजी सरकी न्यायला आला होता, तो त्याच्याकडं बघून म्हणाला, "पावणं, वरचा मजला बांधून झाला, खांब बसवायचं ऱ्हायलं व्हय?" मी त्याला शांतपणे सांगितलं की खांब यायचेत. गावात हे इतकं पसरलं की माणसं 'पाय आले का?' असं विचारायला दुकानात डोकावू लागली. आणि मी प्रत्येकाला 'येतील, येतील' म्हणून सांगत राहिलो. आज त्या शब्दाची लाज वाटते.

आपण जाताना 'रोज एक अंडं घाला' असं दबक्या आवाजात सांगून गेलात. दबक्या आवाजात का, ते मला माहीत आहे. शिवम्माच्या कानावर ते गेलंच. तिनं आधी दोन दिवस कुत्र्यालाच स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसवलं, त्यानं काही केलेलं नसताना. सात पिढ्यांत ह्या घरात अंडं आलेलं नाही, आणि ते एका कुत्र्यासाठी येणार नाही, हे तिनं कानडीत सांगितलं. (ती चिडली की कानडीत जाते. तिथं मी तिच्या मागं जाऊ शकत नाही.) तेव्हा अंड्याची भरपाई दुसऱ्या कशानं तरी करणं भाग होतं, आणि इथं हंबीरराव आले.

हंबीरराव आमच्या गल्लीतल्या तालमीचे वस्ताद. आपण त्यांना बघितलंय, दोन्ही कान मोडलेले आणि मान नसलेली अशी मूर्ती. त्यांनी पिल्लू एका तळव्यावर उचललं, उलटं केलं, छाती चाचपली, पुढच्या पायाचा पंजा दाबला आणि म्हणाले, "हाड ब्येस हाय की! ह्यो पैलवान हाय. पाय मागनं येतील, आधी खुराक लावा." तिथल्या तिथं त्यांनी त्याचं नाव केसरी ठेवलं. मलाही पटलं. कोल्हापुरात राहून खुराकावर अविश्वास दाखवायचा म्हणजे काय? लहानपणापासून आपण हेच बघत आलो की काडीसारखं पोरगं तालमीत जातं, दूध-तूप-बदाम खातं आणि दोन वर्षांत दारातून आडवं आत येतं. तेव्हा सकाळी अर्धा लिटर म्हशीचं धारोष्ण दूध, त्यात दोन चमचे तूप, रात्री भिजत घातलेले आठ बदाम सोलून-वाटून, दुपारी तूप लावलेली ज्वारीची भाकरी, संध्याकाळी थंडाई. सगळं शुद्ध शाकाहारी, त्यामुळं शिवम्माची तक्रार मिटली. एवढंच नाही, ती स्वतः दर सकाळी त्याला पायांवर आडवा घेऊन कोमट तेलानं बाळासारखा चोळू लागली आणि पाय हलकेच ओढू लागली. 'एळी, एळी' म्हणायची, म्हणजे ओढ, ओढ. तो डोळे मिटून पडून राहायचा. माझ्या दोन्ही पोरांना तिनं एवढं चोळलेलं मला आठवत नाही.

दर अमावास्येला दुकानाची पूजा झाली की मी केसरीला गोदामाच्या चौकटीला लावून उभा करायचो आणि पाठीच्या उंचीवर पेन्सिलीनं रेघ ओढायचो. पहिले दोन महिने रेघ चढली. पुढं ती थांबली. दहा महिने मी त्याच रेघेवर रेघ ओढली, ती आता एवढी जाड झालीय की नवीन माणसाला वाटतं तिथं कोनाडा करायचा आहे. पण त्याच वेळी मी त्याला पेंडीच्या काट्यावर उभा करत होतो आणि काटा मात्र दर अमावास्येला पुढं सरकत होता. नऊ किलो. अकरा. तेरा. दाजी, काटा पुढं गेला की मला आनंद व्हायचा. जनावर अंग धरतंय म्हणून मी गिऱ्हाइकांना चहा पाजलाय. अंगात आलं की पायांत उतरायला किती वेळ लागणार, असं माझं गणित होतं. वाकून तपासायला मी तयार होतो, पण कुणाला विचारायला तयार नव्हतो. कोल्हापुरात जनावरांचे डॉक्टर आहेत, ते माझ्याकडूनच पेंड नेतात, त्यांना काय विचारायचं?

मध्यंतरी त्याच्या स्वभावाचीही ओळख झाली, तेवढी आपल्या कार्डात राहून गेली होती. आवाज म्हणाल तर दाराआड असेल तोवर दोन वाघ आहेत असं वाटतं. माणूस मागं सरतो, मग दार उघडतं, आणि मग माणूस हसतो. हसलेलं त्याला कळतं आणि तो अपमान तो विसरत नाही. (पिराजीच्या चपला तीनदा नेल्या. दर वेळी डाव्या.) हाक मारली तर येत नाही. कानडीतून मारली तर एक कान हलवतो, मराठीतून मारली तर तेही करत नाही. माझ्या घोंगडीत शिरून तळाशी जाऊन झोपतो, आणि मी पाय लांब केले तर आतून गुरगुरतो, घोंगडी त्याची असल्यासारखा. परसात शिवम्मानं लावलेली मोगऱ्याची तीन रोपं खणून काढली आणि खड्ड्यात स्वतः बसून राहिला. दिवसभर मी गल्ल्यावर बसलो की माझ्या पावलावर हनुवटी टेकून पडायचा. उठायचं झालं तर त्याची परवानगी घेतल्यासारखं पाऊल हळूच सोडवून घ्यावं लागायचं. त्याला मी 'चिकटपणा' म्हणत होतो.

घुशीचंही सांगतो, कारण त्यासाठीच तर तो आला. जूनमध्ये एकदा तो खरोखरच गोदामातल्या बिळात शिरला. म्हणजे शिरला तो मानेपर्यंत आणि पुढं छातीपर्यंत, आणि मग आठ महिन्यांचा खुराक आडवा आला. पुढंही जाईना, मागंही येईना. भुंकणं जमिनीखालून यायला लागलं. शेजारची धोंडुबाई भांडी घासत होती, तिच्या मोरीच्या खालून आवाज आला, तेव्हा ती हातातलं भांडं टाकून रस्त्यावर आली. हंबीररावांनी मागचे पाय धरून ओढायचा विचार मांडला. मी त्यांना थांबवलं, एवढी एक अक्कल मला त्या वर्षात सुचली. पहार घेऊन फरशी फोडली, दोन तास लागले. केसरी बाहेर आला, शिंकला आणि सरळ आपल्या वाटीकडं गेला. घूस तेवढ्या वेळात दुसऱ्या तोंडानं निघून गेली होती. पुढं ती रोज संध्याकाळी येऊन त्याची उरलेली थंडाई पिऊन जायला लागली. तिनंही चांगलं अंग धरलंय.

ह्या प्रसंगावरून हंबीररावांनी निष्कर्ष काढला की खुराक भरपूर आहे पण मेहनत कमी पडते. पैलवानाच्या मांड्या भरतात त्या जिन्यानं, असं त्यांचं मत. आमच्या घराचा जिना आपल्याला ठाऊक आहे. खाली दुकान, वर घर, मधे बावीस पायऱ्या, शिडीसारख्या उभ्या. आपण गेल्या वेळी त्यावर तीनदा थांबला होतात. त्या जिन्यावरून रोज सकाळी सहा वाजता केसरीला वर-खाली पळवायचं ठरलं. वीस फेऱ्या. मी खालच्या पायरीवर बसून मोठ्यानं मोजायचो. एका पायरीवरून दुसरीवर जाताना त्याचं पोट पायरीच्या कडेला घासायचं, उतरताना तर तो अख्खाच्या अख्खा वाकून खाली यायचा. पण तो पळायचा, दाजी. हाक मारली तर न येणारं हे कुत्रं आकडा ऐकला की पळायचं. वीस झाले की मी 'झाल्या वीस, शाब्बास केसरी' म्हणायचो, मग त्याची वाटी. त्या शब्दांशिवाय तो वाटीला तोंड लावायचा नाही. एकदा सतरावर फोन वाजला, मी गेलो, एका व्यापाऱ्याशी अर्धा तास बोलत बसलो. परत आलो तर हा खालच्या पायरीशी तसाच उभा, धापा टाकत, माझ्या तोंडाकडं बघत. उरलेल्या तीन मोजल्या तेव्हा त्यानं दूध घेतलं. मी हे सगळ्या बाजारपेठेत कौतुकानं सांगितलं होतं.

ह्या महिन्याच्या चार तारखेला, बुधवारी, आठ फेऱ्या झाल्या. नववीला तो वरून निघाला आणि मधल्या पायरीवर 'क्यँ' असं काहीतरी ओरडला. तसा आवाज मी त्याचा पूर्वी ऐकला नव्हता. मग तो थरथरत तिथंच बसून राहिला. मी वर गेलो, उचलून खाली आणला, जमिनीवर ठेवला. पुढचे पाय उभे राहिले. मागचे दोन तसेच बाजूला पडले, त्याचे नसल्यासारखे. तो माझ्याकडं बघत होता आणि मी मूर्खासारखा त्याला 'ऊठ, ऊठ' म्हणत होतो.

पेंडीच्या टेंपोतून शाहूपुरीत नेला. माझ्या गिऱ्हाइकाकडं न जाता नवीन डॉक्टरीणबाईंकडं गेलो, डॉ. स्वप्नाली म्हणून आहेत, वय माझ्या सुनेएवढं. (जुन्याकडं जायला मला तोंड नव्हतं.) त्यांनी फोटो काढला, वजन केलं. सतरा किलो. त्या म्हणाल्या, नऊ-दहा पाहिजे होतं. मग काय खायला देता म्हणून विचारलं. मी सांगत गेलो तशा त्या लिहायचं थांबल्या आणि नुसत्या ऐकत राहिल्या. जिन्याचं सांगितलं तेव्हा पेन खाली ठेवलं. मी शेवटी धीर करून विचारलं की बाई, ह्याचे पाय कधी येणार? त्या म्हणाल्या, "काका, पाय आलेत. एवढेच असतात." ही जात अशीच असते, लांब पाठ, आखूड पाय, पाठीच्या मणक्यांना जपायचं असतं, वजन वाढू द्यायचं नसतं, उडी नको, आणि जिना तर कधीच नको. पिल्लू आणलं त्याच दिवशी कुणी तरी हे सांगायला हवं होतं, असंही म्हणाल्या. ह्या ठिकाणी मला आपली आठवण आली. पण खरं सांगतो, लगेच गेली, कारण बारा ओळींत नसलेली गोष्ट मी विचारू शकलो असतो. वर्षभर मी त्याची वाटी बघितली, काटा बघितला, रेघ बघितली. जिना त्याला मी चढायला लावला. आपण फक्त पिशवीतून काढलंत.

बाईंनी मागच्या पंजाचं बोट चिमट्यात धरून जोरात दाबलं. मी तोंड फिरवलं. केसरीनं मान वळवून बाईंकडं बघितलं आणि गुरगुरला. त्या म्हणाल्या, कळतंय त्याला, म्हणजे थोडी आशा आहे. सहा आठवडे हलू द्यायचं नाही, मग बघू. चालेल असं वचन देत नाही. आता तो एका लाकडी खोक्यात असतो. उचलायचा तर एक हात छातीखाली, एक मागं, पाठ सपाट, भरलेली परात न्यावी तसा. लघवी त्याची त्याला होत नाही, दिवसातून चार वेळा पोट हलकं दाबून करवावी लागते. हे मी आपल्याला पत्रात लिहितोय कारण ते मी करतो. बावीस पायऱ्या, दिवसातून चार वेळा, सतरा किलो. (आठव्या अंगाचं उत्तर आपल्याला इथं मिळालं असेल.) दूध-तूप बंद. उकडलेला भोपळा, थोडा भात, गोळ्या. शिवम्मा तेल तापवते आणि वाटी हातात घेऊन खोक्याजवळ बसून राहते, कारण चोळायलाही बंदी आहे. हंबीरराव आले होते. खोक्यात वाकून बघितलं. एवढा मोठा माणूस, पंच्यानं डोळे पुसत जिना उतरून गेला. परवा केळी पाठवून दिली, ती परत पाठवली.

आणि हे सगळं मी केलं असतं, दाजी, कण्हत का होईना. पण सकाळचे सहा वाजले की तो खोक्यात पुढच्या दोन पायांवर उभा राहायला बघतो. फळ्या कुरतडतो, रडतो. तोंड जिन्याकडं. पहिल्या दिवशी, खोकं यायच्या आधी, तो मागचं अंग फरफटत जिन्यापर्यंत गेला होता आणि तिथं मान वर करून माझी वाट बघत बसला होता. त्याला वाटतं फेऱ्या राहिल्यात. त्या दिवशी आठच झाल्या होत्या ना. खोकं वर ठेवलं तरी जिना दिसतो, खाली दुकानात ठेवलं तरी दिसतो, आणि तिथं घुशींची खुडबूड ऐकून आणखी धडपडतो. आमच्या घरात असं एक ठिकाण नाही जिथून जिना दिसत नाही. मला ते बघवत नाही. साठी उलटली, आई-वडील गेले तेव्हाही मी एवढा खचलो नव्हतो, हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

तेव्हा माझा निर्णय पक्का झालेला आहे. हे जनावर आपण आणलंत, आपण घेऊन जावं. येत्या रविवारी यावं. कुत्र्याचं आणि माझं ह्यापुढं काही नातं राहणार नाही आणि त्याची खुशाली मला कळवायचं कारण नाही. ह्यावर फोन करू नये, लाईन खराब आहे.

अक्काच्या पायांवर डोकं ठेवतो (मनानं, कंबरेमुळं).

आपला आज्ञाधारक,
प्रभुलिंग

ता. क. येताना एस्टीनं येऊ नये, धक्के बसतात. जीप करावी, मागची बैठक काढून टाकावी, खाली दोन गाद्या. पिशवी मुळीच आणू नये. भोपळा लाल घ्यावा, दुधी नको. गोळी भाताच्या गोळ्यात घातली तर भात खाऊन गोळी ठेवतो, गुळात घातली तर गूळ खाऊन गोळी ठेवतो; ती घशाशी ठेवून नाकावर फुंकर मारावी लागते, आणि फुंकर कुणाची आहे ते त्याला कळतं. पोट दाबताना हात गार असू नये. आपल्याला दमा आहे, फुंकर जमेल का ते मला सांगता येत नाही. अक्काला वाकवत नाही. म्हणजे करणार कोण, हा प्रश्न उरतोच.

ता. ता. क. शिवम्माला पत्र वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, म्हणजे कानडीतसुद्धा बोलली नाही. मग मला असं सुचलं की निपाणीचं आपलं घर बैठं आहे. उंबरासुद्धा झिजून जमिनीला लागलेला. त्या अख्ख्या घरात एकही पायरी नाही. परसाकडची खोली रिकामी असते असं अक्का दिवाळीत म्हणाली होती. तर विनंती अशी, की केसरीला नेताना बरोबर मलाही न्यावं. सहा आठवडे. दुकान शिवम्मा आणि थोरला बघतील. मी एका वेळेलाच जेवतो आणि कुणाशी बोलत नाही. केसरी मात्र कुणी हसलं तर लक्षात ठेवतो, तेवढं शेजाऱ्यांना सांगून ठेवावं.

दाजी, मी शिवम्मा. पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलंय म्हणून खाली लिवते, ह्यास्नी ठावं न्हाय. खोली झाडून ठेवा, हे येत्यात. बघवत न्हाय बघवत न्हाय म्हंत्यात, पर रोज सकाळी सहाला त्येला खोक्यातनं परातीसारखा उचलून मांडीवर घेत्यात, जिन्याच्या खालच्या पायरीवर बसत्यात आन् एकापासनं वीसपर्यंत मोठ्यानं मोजत्यात. मग 'झाल्या वीस, शाब्बास केसरी' म्हंत्यात. मग ते गप हुतंय, भोपळा खातंय. अकरा दिस झालं, एकबी चुकवला न्हाय. आज सकाळी एकोणीस म्हटल्यावर त्येचं श्येपूट हाललं. थोडंच, पर हाललं, मी वरनं बघितलं. ह्यास्नी दिसलं न्हाय, डोळं पुसत हुते. मी अजून सांगितलं न्हाय. तुमच्याकडं पोचल्यावर तुम्हीच सांगा. हितं सांगितलं तर आत्ताच्या आत्ता हंबीररावास्नी बोलवून बदाम भिजत घालतील.